बालशिक्षण : तत्त्व मान्य, व्यवहार उलटा

एखाद्या गोष्टीविषयीं जाणत्यांचें एकमत व्हावें, सरकारनें तिला मान्यता द्यावी, राज्यघटनेंतही तिचा उल्लेख यावा, आणि इतकें सर्व होऊन व्यवहार मात्र नेमका तिच्या उलट चालावा, असा चमत्कार आमच्या देशांत विरळा नाहीं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हें त्याचें सध्यांचें ठळक उदाहरण होय. केंद्र सरकारनें २९ जुलै २०२० रोजीं जें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलें, त्यानें बालवाडीचीं तीन वर्षें आणि पहिली व दुसरी या दोन इयत्ता एकत्र करून पांच वर्षांचा 'पायाभूत स्तर' ठरविला. त्या स्तराचा अभ्यासक्रम-आराखडा २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या वयाचें शिक्षण खेळांतून, गोष्टींतून, गाण्यांतून व स्वतःच्या हातांनीं करून पाहण्यांतून व्हावें असें स्पष्ट सांगितलें आहे. परंतु शहरांतील गल्लोगल्लींच्या नर्सरींत डोकावून पाहिलें, तर तीन वर्षांचीं मुलें बांकांवर बसून वह्या भरीत आहेत असें आढळतें. आणि खेड्यांतील अंगणवाडींत गेलें, तर सेविका धान्याचे हिशेब व मोबाइलवरील नोंदी यांत गुंतलेली असून मुलें नुसतीं जेवणाची वाट पाहत आहेत असें पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतें. एकीकडे अकालीं अभ्यास, दुसरीकडे अभ्यासाचा आणि खेळाचा दोहोंचाही अभाव! हें असें कां व्हावें, याचा विचार करणें आज अगत्याचें आहे.

हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या परिषदांचा आहे असें कोणी समजूं नये. मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वीं होते असें या धोरणांतच नमूद केलें आहे. टक्क्यांचा हा आंकडा बाजूला ठेविला, तरी एवढें निर्विवाद आहे कीं बोलणें, लक्ष देऊन ऐकणें, धीर धरणें, दुसऱ्याशीं वांटून घेणें, पाहिलेल्या वस्तूविषयीं प्रश्न विचारणें, यांचें बीज ह्याच वयांत रुजतें. जें मूल या शिदोरीवांचून पहिलीच्या वर्गांत येतें, तें पहिल्याच दिवशीं मागें पडलेलें असतें. आणि ज्या घरांत ही शिदोरी बांधून देण्यास कोणाला सवड नसते, तीं घरें बहुशः कष्टकऱ्यांचीं असतात. म्हणून बालशिक्षणाचा प्रश्न हा मुळांत समतेचा प्रश्न आहे.

ज्या तत्त्वाविषयीं एकमत झालें असें आम्ही म्हणतों, तें कोणीं व कसें सिद्ध केलें हें थोडक्यांत पाहूं. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या गांवीं लहान मुलांसाठीं संस्था काढिली, व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' म्हणजे बालकांची बाग असें नांव दिलें. या नांवांतच त्याचें तत्त्व आहे. माळी रोप ओढून उंच करीत नाहीं. तो माती, पाणी व ऊन यांची तजवीज करितो, वाढण्याचें काम रोप स्वतः करितें. मुलाचा खेळ म्हणजे कालापव्यय नसून तेंच त्या वयाचें काम आहे, हें त्यानें सांगितलें. ही निरुपद्रवी वाटणारी शिकवण प्रशियाच्या सरकारास इतकी भयंकर वाटली कीं, १८५१ सालीं त्यानें असल्या बालोद्यानांवर बंदी घातली! ती १८६० सालीं उठली. पण फ्रोबेल त्यापूर्वींच, १८५२ सालीं, मरण पावला होता. मोकळेपणीं वाढलेलें मूल पुढें मोकळेपणीं विचार करील, हें भय सत्ताधाऱ्यांस किती लवकर पडतें, याचा हा दाखला ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

फ्रोबेलनंतरचें मोठें नांव मारिया मॉन्टेसरी या विदुषीचें. ती वैद्यकीचें शिक्षण घेतलेली. बुद्धीची वाढ खुंटली आहे असें समजून समाजानें टाकिलेल्या मुलांवर तिनें प्रथम काम केलें, आणि ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत 'बालगृह' उघडलें. आईबाप कामावर गेल्यावर हीं मुलें इमारतीची नासधूस करितात, त्यांस कोठें तरी गुंतवावें, एवढाच घरमालकांचा हेतु होता. मॉन्टेसरीबाईस तेथें निराळेंच दिसलें. मुलाच्या बेताचें सामान त्याच्या हाताशीं ठेविलें आणि त्यास आपल्या मनानें काम निवडूं दिलें, तर तें मूल बक्षिसाच्या लोभावांचून व छडीच्या धाकावांचून तासन्‌तास एकाग्र होतें. ही शिस्त बाहेरून लादलेली नव्हे, आंतून उगवलेली होय. १९३९ सालीं बाई मद्रासेस आल्या व युद्धाच्या काळांत त्यांचें वास्तव्य याच देशांत झालें, त्यामुळें आमच्याकडे त्यांचें नांव घरोघर पोंचलें. नांव पोंचलें, तत्त्व वाटेंतच राहिलें. ज्या शाळेच्या दारावर 'मॉन्टेसरी' ही पाटी आहे आणि आंत चाळीस मुलें हाताची घडी घालून एका सुरांत बाराखडी घोकीत आहेत, त्या शाळेस या नांवाचा कोणता अधिकार आहे?

फ्रोबेल व मॉन्टेसरी यांनीं जें अनुभवानें सांगितलें, त्यास पुढें मानसशास्त्रानें आधार दिला. १८९६ या एकाच सालीं जन्मलेल्या दोन पुरुषांचीं नांवें या संबंधांत मुख्य आहेत. पहिला स्वित्झर्लंडचा झां पियाजे. त्याचा एक साधा प्रयोग कोणत्याही घरीं करून पाहण्यासारखा आहे. सारख्या दोन पेल्यांत सारखें पाणी घ्यावें; मग त्यांतील एका पेल्याचें पाणी मुलासमक्ष एका उंच व अरुंद पेल्यांत ओतावें. चार वर्षांचें मूल बहुधा सांगतें कीं, उंच पेल्यांत पाणी अधिक झालें. तें मूल मूर्ख नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच त्या वयांत निराळी असते, आणि हातांनीं शेंकडों वेळां ओतून, मोजून, मांडून, मोडूनच ती पुढें बदलते. शंभरापर्यंतचे आंकडे घडाघडा म्हणणाऱ्या मुलास मोठ्या ढिगांतून सात चिंचोके वेगळे काढण्यास सांगावें, म्हणजे तोंडपाठ अंक आणि समजलेली संख्या यांतील अंतर आईबापांस आपोआप कळेल.

दुसरा रशियाचा लेव विगोत्स्की. तो १९३४ सालीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं वारला. मूल एकट्यानें काय करितें एवढेंच पाहूं नका, जाणत्याच्या मदतीनें काय करूं शकतें तें पाहा, असें त्याचें सांगणें. आज आधारानें साधलेली गोष्ट उद्यां त्यास एकट्यास साधते; या दोहोंमधील पट्ट्यांतच शिक्षकाचें खरें काम आहे. ह्यावरून असें निघतें कीं, 'खेळूं द्या' याचा अर्थ 'मोकाट सोडा' असा नाहीं. बोलणारी, ऐकणारी, योग्य वेळीं हात देणारी व योग्य वेळीं हात काढून घेणारी शिक्षिका तेथें पाहिजेच. खेळ आणि अक्षर यांचें नातेंही त्यानें दाखविलें. काठीचा घोडा करणारें मूल एका वस्तूस दुसरीच्या जागीं कल्पितें. अक्षर म्हणजे तरी दुसरें काय? कागदावरील रेघ ध्वनीच्या जागीं कल्पावयाची. तेव्हां काठीच्या घोड्यावर बसलेलें मूल लेखनाच्याच वाटेवर असतें, आणि घोडा हिसकावून हातांत पेन्सिल देणारा पालक त्यास त्या वाटेवरून खालीं उतरवितो. शरीरशास्त्रही हेंच सांगतें. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचीं हाडें पुरतीं बनलेलीं नसतात. माती मळणें, मणी ओंवणें, चित्रें रंगविणें यांनीं तो हात लेखनास तयार होतो.

हीं सगळीं परदेशांतील थोतांडें आहेत, आमच्या गरीब देशास तीं काय कामाचीं, असा एक आक्षेप नेहमीं घेण्यांत येतो. त्याचें उत्तर महाराष्ट्र व गुजराथ यांनीं मिळून केव्हांच दिलें आहे. वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढिलें. तेथें १९२३ सालीं ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढें दादरचें शिशुविहार चालविल्यावर शहरांतील सुखवस्तु मुलांपुरतें हें काम राहूं नये असें ताराबाईंस वाटलें, व १९४५ सालीं त्यांनीं ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ याच वर्षीं त्यांच्या कामांत सामील झाल्या. अस्पृश्य मानलेल्या वस्तींतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां या बायांनीं त्यांस दोष दिला नाहीं. त्यांनीं बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' या शब्दाचा व कल्पनेचा जन्म असा झाला. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत हें काम चाललें. जीं मुलें गुरें राखावयास जात, त्यांच्यासाठीं कुरणांतच शाळा भरविण्यांत आली. मॉन्टेसरीचें महागडें लांकडी सामान परवडणारें नव्हतें. त्याच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें आलीं. तत्त्व तेंच राहिलें, सामान मात्र मातींतलें झालें. तेव्हां बालशिक्षण गरिबांस झेपत नाहीं असें म्हणणाऱ्यानें आधीं हा इतिहास वाचावा.

आतां आजच्या स्थितीकडे वळूं. शहरांत अडसर आहे तो आईबापांच्या धास्तीचा. शेजारच्या मुलास इंग्रजी अक्षरें येतात, आमच्यास येत नाहींत, म्हणजे तें जन्माचें मागें पडलें, अशी ही धास्ती. आणि तिच्यावर धंदा करणाऱ्यांची संख्या थोडी नाहीं. बालवाडीच्या प्रवेशासाठीं मुलांच्या व पालकांच्या मुलाखती घेऊं नयेत असा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळानें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांतच केला. केंद्र सरकारनें नेमिलेल्या प्राध्यापक यशपाल यांच्या समितीनेंही १९९३ सालच्या आपल्या अहवालांत अशा परीक्षा व मुलाखती बंद कराव्या असें सांगितलें होतें. तरी मुलाखत बंद झाली नाहीं; तिनें 'परिचय', 'संवाद' अशीं नांवें मात्र धारण केलीं. पालकांस आम्ही एवढेंच विचारतों: सहाव्या वर्षीं जें मूल थोड्या अवधींत सहज वाचावयास शिकतें, त्याच्याकडून तेंच काम तिसऱ्या वर्षीं दोन वर्षें रडवून करून घेतल्यानें कोणता लाभ झाला? आणि त्या दोन वर्षांत शाळेविषयीं जी नावड मनांत बसली, तिचा हिशेब कोण देणार?

याच धास्तीचें दुसरें रूप भाषेच्या प्रश्नांत दिसतें. गरीब बाप मुलास इंग्रजी शाळेंत घालूं पाहतो, त्यास हंसणें अन्यायाचें आहे; इंग्रजीवांचून चांगली नोकरी दुर्मिळ, हें तो आपल्या अनुभवानें जाणतो. परंतु जी भाषा मूल बोलतें, जिच्यांत तें भांडतें व हट्ट करितें, तिच्यांतच त्याचा विचार प्रथम आकार घेतो; एका भाषेंत वाचनाचा पाया पक्का झाला म्हणजे दुसरी भाषा त्यावर चढते. कानावर अनेक भाषा पडल्यानें मुलाचें नुकसान होत नाहीं. अनेक लिप्या व अनेक वह्या एकदम लादल्यानें होतें. १६ एप्रिल २०२५ रोजीं महाराष्ट्र शासनानें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्याचा निर्णय काढिला, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि २९ जून रोजीं तो मागें घेण्यांत आला. त्या वादांत अस्मितेचा घोष मोठा होता. पण सहा वर्षांच्या मुलास एका वेळीं किती ओझें पेलतें, हा जो मुद्दा शिक्षणतज्ज्ञांनीं मांडिला, तोच खरा निर्णायक होता असें आमचें मत आहे.

खेड्यांत व गरीब वस्त्यांत अडसर निराळा आहे, आणि त्याचा दोष सर्वस्वीं सरकारकडे जातो. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं ३३ गटांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांस ताराबाईंचा 'अंगणवाडी' हाच शब्द मिळाला. आज देशांत सुमारें चौदा लाख अंगणवाड्या आहेत. एवढें विशाल जाळें क्वचितच दुसऱ्या देशांत असेल, व कुपोषणाशीं झुंजण्यांत त्याचें श्रेय कोणीही नाकारूं नये. पण योजनेच्या सहा सेवांपैकीं शिक्षण ही एक. बाकीच्या पांच पोषण व आरोग्य यांच्या. एकच सेविका आणि एक मदतनीस यांनीं आहार वांटावा, बालकांचीं वजनें घ्यावीं, लसीकरणास हातभार लावावा, गरोदर बायांच्या घरीं जावें, नोंदी ठेवाव्या, आणि उरलेल्या वेळांत शिकवावें! उरतो किती वेळ? शिवाय तिला वेतन नाहीं, 'मानधन' आहे. केंद्र सरकारनें आपला हिस्सा २०१८ सालीं दरमहा ३००० रुपयांवरून ४५०० रुपये केला; राज्यें त्यांत भर घालतात, तरी ती नोकर नव्हे, 'स्वयंसेवी' कार्यकर्ती. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे एवढें ठरण्यास २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें; आणि डिसेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील सेविकांस संपावर जाणें भाग पडलें. देशाचा पाया जिच्या हातीं सोंपविला, तिची ही स्थिति!

यावर उपाय नाहीं काय? आहे, आणि तो याच देशांत कसोटीस उतरला आहे. तमिळनाडूंत ३२० अंगणवाड्यांवर एक शास्त्रीय प्रयोग करण्यांत आला. त्यांतील कांहींस केवळ बालशिक्षणासाठीं अर्ध्या वेळेची एक अधिक कार्यकर्ती दिली, बाकीच्या पूर्वींप्रमाणेंच ठेविल्या. जेथें ती दिली, तेथें शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचें भाषेचें व गणिताचें ज्ञान दीड वर्षांत स्पष्टपणें वाढलें, आणि मूळच्या सेविकेस सवड मिळाल्यामुळें कुपोषणही घटलें. नवी इमारत नव्हे, महागडें यंत्र नव्हे. एक माणूस अधिक दिलें, एवढेंच. अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील इप्सिलांटी गांवीं १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर जो प्रयोग झाला, त्यांतही असेंच दिसलें. ज्या ५८ मुलांस चांगली बालशाळा मिळाली, त्यांची बुद्धिमापनांतील आघाडी थोड्याच वर्षांत ओसरली. पण चाळिसाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला तेव्हां त्यांचें शिक्षण व कमाई अधिक, आणि अटकेचे प्रसंग कमी आढळले. मुलांची संख्या लहान होती हें खरें. तरी बोध स्पष्ट आहे. बालशाळेचें फळ पाटीवरच्या अक्षरांत नसून स्वभावांत व सवयींत असतें.

आणखी एक गोष्ट, जी धोरणांच्या चर्चेंत बहुधा राहून जाते. आई मजुरीस गेली म्हणजे धाकट्या भावंडास कोण सांभाळतें? आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. तिची शाळा सुटते ती त्या भावंडापायीं, आणि मुलगी शाळेंत टिकत नाहीं म्हणून आम्ही तिच्या आईबापांस बोल लावितों! दिवसभर चालणारी, जवळची व विश्वासाची अंगणवाडी एकाच वेळीं तिघांस मोकळें करिते: मुलास खेळावयास, बहिणीस शिकावयास आणि आईस निश्चिंतपणें कामास जावयास. स्त्रीशिक्षणाचा एवढा स्वस्त उपाय दुसरा कोणता?

'हें सर्व खरें, पण पैसा कोठून आणावा?' हा शेवटचा प्रश्न. आमचें उत्तर असें कीं, पैशाआधीं बंधन पाहिजे. २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं सरकारनें व्यवस्था 'करावी' असें तो म्हणत नाहीं, 'करतां येईल' असें म्हणतो. २००२ सालीं दुरुस्त केलेलें राज्यघटनेचें ४५ वें कलमही राज्यानें 'प्रयत्न करावा' येथेंच थांबतें. ज्या कर्तव्यास दाद मागण्याची सोय नाहीं, तें अंदाजपत्रकांत नेहमीं शेवटीं पडतें. २०३० पर्यंत सर्व बालकांस हें शिक्षण मिळावें असा संकल्प धोरणानें सोडला आहे. तो काल फार दूर नाहीं. तेव्हां आमचें मागणें थोडकें आहे. तीन ते सहा वर्षांचें शिक्षण कायद्यानें हक्क ठरावें. प्रत्येक अंगणवाडीस केवळ शिक्षणासाठीं एक शिकलेली कार्यकर्ती द्यावी. सेविकेस शिक्षिकेचा दर्जा व पोटापुरतें वेतन मिळावें. आणि खासगी बालवाड्यांत वही, परीक्षा व मुलाखत यांस मज्जाव असून त्याची खरीखुरी तपासणी व्हावी.

सरकारच्या हातांत नसलेली एक गोष्ट मात्र पालकांच्या हातांत आहे. मुलास शाळेंतून आणावयास गेल्यावर 'आज काय लिहिलें?' असें न विचारतां 'आज काय खेळलास?' असें त्यांनीं विचारूं लागावें. गिऱ्हाइकाची मागणी बदलली म्हणजे दुकानदारास माल बदलावा लागतो. फ्रोबेलच्या बागेस दारें लावणारें सरकार नाहींसें होऊन गेलें. आमच्या बागेचीं दारें तर आम्हींच आमच्या घाईनें लावून घेतलीं आहेत, व तीं उघडण्यास कोणाच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.